ओठांभोवती पुन्हा पुरळ आणि वाटी पुन्हा ढकललेली: दूध, अंडं, शेंगदाणा न चालणाऱ्या चोखंदळ लेकराचा नाश्ता

आमचा मुलगा आता तीन वर्षांचा होईल. गाईचं दूध, अंडं आणि शेंगदाणा या तिन्हींची त्याला ॲलर्जी आहे. त्यातून तो खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ. दर पंधरा-वीस दिवसांनी आमच्याकडे तेच चक्र फिरायचं. एखादा पदार्थ तो आवडीनं खायला लागायचा, मला हायसं वाटायचं, मी तोच रोज करायला लागायचे आणि एका सकाळी तो वाटी ढकलून द्यायचा. मधूनच ओठांभोवती लाल पुरळ यायचं, हनुवटीवर गांधी उठायच्या. काल ज्या घावनानं काही झालं नाही, त्याच घावनानं आज पुरळ कसं आलं, हे मला कळत नव्हतं.

सहा महिने मी या सगळ्याला एकच दुखणं समजले. तो नाकारतोय म्हणजे त्याला काहीतरी बाधतंय, असं धरून मी एकेक पदार्थ बंद करत गेले. शेवटी सकाळच्या यादीत मऊ भात, केळं आणि पेज एवढंच उरलं. वजन दोन महिने वाढलं नाही, तेव्हा डॉक्टरांनी मला थांबवलं. ॲलर्जी वेगळी तपासा, चोखंदळपणा वेगळा तपासा, दोन्ही एकत्र करू नका, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून जे जमलं ते इथे लिहिते. माझ्यासारखीच कुणी रोज सकाळी साडेसातला हातात वाटी घेऊन बसत असेल, तर तिचे काही महिने वाचावेत एवढ्यासाठी.

आधी एवढं पक्कं करा

ॲलर्जीचं निदान घरी होत नाही. त्वचेवरची प्रिक टेस्ट किंवा रक्तातलं त्या-त्या पदार्थाचं आयजीई (ॲलर्जीत शरीर तयार करतं ते प्रतिपिंड), आणि त्याच्या जोडीला मुलाला प्रत्यक्ष काय झालं होतं याची हकीकत, असं मिळून डॉक्टर ठरवतात. नुसता रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतोच असं नाही. पन्नास-शंभर पदार्थांची आयजीजी (हे वेगळं प्रतिपिंड) टेस्ट करून लांबलचक 'खाऊ नका' यादी हातात ठेवतात, तिचा अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानाला उपयोग नाही. आमच्या ओळखीतल्या एका बाळाचे गहू, तांदूळ, डाळ असं सगळं त्या यादीवरून बंद झालं होतं. पुढे कळलं की त्याला फक्त अंड्याचा त्रास होता.

आणि हे कधीही विसरू नका. अंगभर गांधी, ओठ-डोळे सुजणं, पुन्हा पुन्हा उलट्या, आवाज घोगरा होणं, धाप, मूल एकदम मलूल पडणं, यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली किंवा श्वासाचा त्रास सुरू झाला, तर वाट पाहायची नाही. १०८ किंवा ११२ ला फोन, किंवा जवळचं हॉस्पिटल. अशा वेळी खरं औषध ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. खाजेचं सिरप गांधी कमी करतं, पण श्वास अडकला तर त्याचा उपयोग नाही. तुमच्या मुलासाठी काय करायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर लावा.

पुरळ पुन्हा पुन्हा का येतं

आमच्याकडे पहिल्यांदा गांधी उठल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, पित्त उठलंय त्याला. आमसूल भिजत घाल." आमसुलाचं पाणी लावलं, तासाभरात गांधी गेल्या आणि सगळ्यांना वाटलं, पित्तच होतं. पण गांधी बऱ्याचदा काही तासांत आपोआपच जातात. 'पित्त' या एका शब्दामुळे आमचे चार महिने गेले. त्यांच्या मायेत काही कमी नव्हतं. आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या हाच शब्द आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

मग मी वही घातली. काय खाल्लं, किती वाजता, किती मिनिटांनी काय दिसलं, एवढंच आधी लिहायचे. पुढे डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणखी एक रकाना घातला: पदार्थ कोणत्या भांड्यात झाला. तीन आठवड्यांनी पानं उलटली तर पुरळ जवळजवळ प्रत्येक वेळी गुरुवारी नाहीतर शनिवारी. आमच्याकडे त्या दिवशी सासूबाईंचा उपवास. पहाटे साबुदाण्याच्या खिचडीसाठी दाण्याचं कूट मिक्सरच्या लहान भांड्यात व्हायचं आणि त्याच भांड्यात, विसळून, त्याच्यासाठी ओलं खोबरं वाटलं जायचं. झाकणाच्या रबरात आणि पात्याखाली कूट अडकून राहतं. बोटानं रबर काढून बघा, तुमच्याही घरी निघेल.

मराठी स्वयंपाकघरात दाण्याचं कूट कुठे नसतं? काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, आमटीत, चटणीत. त्यामुळे 'शेंगदाणा द्यायचा नाही' एवढं म्हणून भागत नाही. शेंगदाण्याचा प्रवास शोधावा लागतो. आमच्या घरी तो असा सापडला:

मिक्सरचं लहान भांडं. आता त्याच्यासाठी वेगळं घेतलं, झाकणाला लाल दोरा बांधला.

मिसळणाचा डबा. कूट घेतलेला चमचा तसाच हळदीत जायचा.

तेल. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. बाजारातल्या रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण लाकडी घाण्याच्या तेलात ते राहतं आणि ॲलर्जी प्रथिनाचीच असते. मुलाला चांगलं म्हणून आम्ही मुद्दाम घाण्याचं तेल आणत होतो. आता त्याच्यासाठी सूर्यफुलाचं वापरते.

तवा. ऑम्लेटच्या तव्यावर घावन घालायचं नाही. डोशासाठी बिडाचा तवा असेल तर तो फक्त मुलासाठी ठेवा. बीड साबणानं खसखसून धुता येत नाही, म्हणून तो सामायिक ठेवणं जास्त धोक्याचं.

दुधाचं वेगळं आहे, कारण दूध नाव बदलून येतं. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, स्किम्ड मिल्क पावडर, ही सगळी दूधच. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे पदार्थ शाकाहारी, दूधविरहित नव्हे. अंड्याच्या बाबतीत मात्र तो थोडा कामाला येतो, कारण आपल्या नियमांत अंडं घातलेल्या पदार्थावर तपकिरी खूण लागते. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे दूध, अंडं, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणा आणि सुकामेवा, सोयाबीन, ग्लुटेन असलेली धान्यं आणि ठरावीक प्रमाणापुढचं सल्फाइट यांचा उल्लेख 'यात हे आहे' असा वेगळा करावा लागतो. प्रत्येक वेळी वाचा, कालच घेतलेलं पाकीट असलं तरी, कारण घटक बदलतात. बेकरीतल्या सुट्या खारी, टोस्ट, नानकटाईवर असं काही लिहिलेलं नसतं. आमच्याकडे ते बंदच.

'शेळीचं दूध देऊन बघा' असं पाच जण तरी सांगतील. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शेळीचं आणि म्हशीचंही चालत नाही, प्रथिनं फार सारखी असतात. लॅक्टोज काढलेलं दूधही नाही. त्यातली लॅक्टोज ही दुधाची साखर फोडलेली किंवा काढलेली असते, प्रथिन तसंच असतं. दही-ताकाचंही तेच. साजूक तुपात दुधाचं प्रथिन अगदी थोडं असलं तरी काही मुलांना तेवढंही पुरतं, म्हणून तूप डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

एक दिलासा: ओठांभोवतीचं प्रत्येक लाल पुरळ ॲलर्जीचं नसतं. टोमॅटो, लिंबू, संत्रं, अननस यांचा आंबट रस नाजूक कातडीला नुसता लागूनही लाली येते. फक्त रस लागला तिथेच असते, खाज फारशी नसते आणि मूल मजेत असतं. जेवणाआधी ओठांभोवती व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला की आमची ती लाली थांबली. टोमॅटो मी उगाच तीन महिने बंद ठेवला होता.

आता नाकारण्याचं

दोन वर्षांच्या आसपास मुलं नव्या, कधी कधी जुन्याही खाण्याला घाबरायला लागतात. हे वाढीतलंच आहे. नवा पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर आल्याशिवाय ती तो तोंडात घेत नाहीत. आपण मात्र तिसऱ्या वेळी 'याला आवडत नाही' असं जाहीर करून मोकळे होतो.

पण ॲलर्जी असलेल्या मुलाचं 'नाही' थोडं वेगळ्या नजरेनं बघावं लागतं. मी वहीत नाकारण्याची पद्धत लिहायला लागले. वाटी बघूनच मान फिरवली, हात लावला नाही, तर ते बहुधा वयाचं. पण दोन घास खाऊन मग थुंकला, जीभ दातांवर घासली, घसा खाकरला, कान चोळला, तर तोंडात खाज सुटली असू शकते. दोन वर्षांच्या लेकराला 'खाजतंय' सांगता येत नाही, ते 'तिखट' म्हणतं. आमचा बिनमिरचीच्या खोबऱ्याच्या चटणीला 'तिखट' म्हणाला तो गुरुवार होता. तेव्हापासून असं 'नाही' आलं की मी लगेच थांबते, तोंड धुते, दोन तास नजर ठेवते. आणि नुसती मान फिरवली तर शांतपणे वाटी उचलते आणि चार दिवसांनी तोच पदार्थ पुन्हा ठेवते.

चोखंदळपणामागेही शरीराची कारणं असतात आणि ती आधी बघावीत. आमच्याकडे तीन निघाली. उठल्या उठल्या साडेसहाला तो डॉक्टरांनी दिलेलं सोयाचं फॉर्म्युला बाटलीभर प्यायचा, मग साडेसातला भूक कुठून लागणार? बाटली काढून नाश्त्यानंतर कपात द्यायला सुरुवात केली, पाच दिवस रडारड झाली, सहाव्या दिवशी त्यानं स्वतः वाटी मागितली. दुसरं, शी कडक होत होती. पोट गच्च असलं की मूल खात नाही. तिसरं रक्ततपासणीत कळलं, लोह कमी होतं. लोह कमी असलं की भूकच मरते. औषध सुरू झाल्यावर महिन्याभरात फरक दिसला.

आमच्या घरी आता कामं वाटून घेतलेली आहेत. काय, कुठे आणि किती वाजता हे मी ठरवते. खायचं की नाही आणि किती, हे तो ठरवतो. ताटलीत दोन ओळखीच्या गोष्टी आणि एक नवी, तीही चमचाभरच. वीस मिनिटांनी उचलायचं. मोबाइल नाही, पाठीमागे घास घेऊन फिरणं नाही. आजीला हे जड गेलं, तिच्या हातचा घास त्यानं नाकारला की तिला लागतं. मग तिला मी पीठ भिजवण्याचं काम दिलं आणि त्याला तिच्याजवळ ओट्यावर बसवलं. स्वतः हात घातलेलं पीठ तो चाखून बघतो.

चाललेले पदार्थ

आमचं नशीब असं की कोकणातल्या स्वयंपाकात दूध, अंडं, शेंगदाणा या तिन्हींशिवायचे कितीतरी पदार्थ आधीपासूनच आहेत. माझ्या आजोळचे पदार्थ मला मुलाच्या ॲलर्जीमुळे पुन्हा सापडले.

घावन-रस हा आमचा पहिला खांब. वाटीभर तांदूळ आणि पाव वाटी सोललेली मूगडाळ रात्री भिजवते. नुसत्या तांदळात प्रथिनं कमी पडतात म्हणून डाळ. सकाळी गंधासारखं बारीक वाटायचं, मीठ घालून पीठ एवढं पातळ करायचं की तव्यावर आपलं आपण पसरेल. तवा चांगला तापवून अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायचा, कडेकडून पीठ सोडत मध्ये यायचं, झाकण ठेवायचं. जाळी पडली की झालं. नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची घालून रस. पहिल्या दिवशी त्यानं फक्त रस चाटला. नवव्या वेळी घावनाचा तुकडा त्यात बुडवला.

दुसरा खांब कोळाचे पोहे. दिवाळीत करतात ते. जाड पोहे धुऊन भिजवायचे, नारळाचं दूध, चिंचेचा पातळ कोळ, गूळ, मीठ. मोठ्यांसाठी मिरची आणि फोडणी वरून. दहीपोहे खाणारी बाकीची मुलं बघून तो हट्ट करायचा, तेव्हा हे पांढरे आंबटगोड पोहे त्याला 'तसेच' वाटले.

फोडणीचे पोहे तो महिनाभर नाकारत होता आणि मला कारण कळेना. मग लक्षात आलं, त्याला चव नको नव्हती, मऊ घासात मध्येच लागणारी मोहरी, कांदा, कढीपत्ता नको होता. आता हिंग-हळद-मोहरीची फोडणी करून तेल गाळणीतून पोह्यांवर ओतते. वास तोच, दाताखाली काही येत नाही. शेंगदाण्याच्या जागी मऊ शिजवून ठेचलेले मटार. तुमच्या मुलाला गहू चालत नसेल तर हिंगाचं पाकीट वाचा, बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. आणि गिरणीत दळायला दिलेल्या तांदळाच्या पिठात आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू येतो, म्हणून ते घरीच मिक्सरवर करा.

तांदळाची उकड ताकाशिवाय होते का, असं मला विचारतात. होते. पाण्यात पीठ कालवून, जिरं-लसणाच्या फोडणीत उकड शिजवायची आणि गॅस बंद केल्यावर लिंबू पिळायचं. ताकाचा गोडवा येत नाही हे खरं, पण चमचाभर नारळाचं दूध घातलं तर बरीच जवळ जाते.

नाचणीबद्दल थोडं नीट सांगते, कारण 'दूध नाही ना, मग नाचणी दे' असं सगळेच म्हणतात. नाचणी चांगलीच. १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण एका वाटी खिरीत पीठ जातं २० ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम ७० मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम लागतं. नाचणीवर सगळा भार टाकता येत नाही. उरलेलं कॅल्शियम कशातून जाणार, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. नारळाच्या किंवा तांदळाच्या दुधाला गाईच्या दुधाचा पर्याय समजू नका, चवीसाठी ठीक आहे. खीर करताना पीठ आधी गार पाण्यात कालवा, मग उकळत्या पाण्यात सोडा. एक गुठळी लागली तर आमचा आठवडाभर खिरीकडे बघत नाही.

मुगाच्या डाळीची छोटी छोटी धिरडी, उकडलेलं रताळं गुळासोबत, मऊ भातावर मेतकूट आणि तुपाऐवजी थोडं खोबरेल, हे अधूनमधून. मेतकुटात गहू आणि हरभऱ्याची डाळ असते, हे लक्षात ठेवा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना मूग, तूर चालतात, पण हरभऱ्याची ॲलर्जीही आपल्याकडे दिसते. म्हणून प्रत्येक डाळ वेगवेगळी, पहिल्यांदा पाव चमचा.

नवा पदार्थ मी सकाळीच देते, रात्री कधीच नाही. असा त्रास बहुधा काही मिनिटांपासून दोन तासांत दिसतो, आणि सकाळी दिली तर ते दोन तास मी जागी असते, दवाखाना उघडा असतो. सर्दी-ताप असेल त्या आठवड्यात नवं काही नाही. केकमधून थोडं भाजलेलं अंडं देऊन बघावं, असं मलाही कुणी सुचवलं होतं. बऱ्याच मुलांना नीट भाजलेलं अंडं चालतं हे खरं आहे, पण कुणाला चालेल हे घरी कळत नाही. ती चाचणी दवाखान्यात, डॉक्टरांसमोरच करायची.

आवडता पदार्थ आता मी सलग दोन दिवस करत नाही. घावन आज झालं तर पुन्हा तीन दिवसांनी, आणि मधल्या वेळी आकार तरी बदललेला. रोज तेच देऊन मीच त्याला कंटाळा आणत होते.

दुसऱ्यांच्या घरी

इथे आम्ही अजून अडखळतो. गणपतीत कुणीतरी मायेनं त्याच्या हातावर तीर्थ घालतं आणि त्या पळीत पंचामृत असतं, म्हणजे दूध, दही, तूप. संक्रांतीला तिळगुळात दाण्याचं कूट असतं. 'एवढ्याशानं काय होतंय' असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मी आधी फोन करते, त्याचा डबा घेऊन जाते, आणि तीर्थाऐवजी त्याच्या हातावर फुलाची पाकळी ठेवा असं सांगते. कुणी आजवर नाही म्हटलेलं नाही.

पाळणाघरात मात्र तोंडी सांगून भागलं नाही, दोनदा चूक झाली. आता डब्याच्या झाकणावर चिकटपट्टीखाली कागद आहे: 'दूध, दही, तूप, अंडं, शेंगदाणा नाही. दुसऱ्याच्या डब्यातलं नाही. गांधी उठल्या तर लगेच फोन. श्वास लागला तर आधी १०८, मग आम्हाला.' खाली आमचे दोघांचे नंबर. कागद दर महिन्याला बदलते, कारण तेलाच्या हातांनी अक्षरं पुसतात.